डाफ ४४ चे दोन पट्टे: व्हेरिओमॅटिक दुरुस्तीच्या नोंदी

९ मार्च २०२४

गाडी आली. घरी नाही, आइंडहोवनजवळ न्यूनेनला एका शेतकऱ्याच्या गोदामात. महिन्याला ९० युरो भाडं, वीज त्यातच. गाडी डाफ ४४, डाफ या डच कंपनीची, १९६९ ची, निळ्या नंबरप्लेटवर पांढरे आकडे. नेहमीच्या गिअरबॉक्सऐवजी दोन रबरी पट्टे मागची चाकं फिरवतात, त्या रचनेचं नाव व्हेरिओमॅटिक. किंमत २,२०० युरो. इंजिन ८४४ सीसीचं, दोन सिलिंडरचं बॉक्सर, हवेवर थंड होणारं. सेल्फ मारला की दुसऱ्या फेरीत सुरू होतं.

डावा पट्टा तुटलेला होता. मालकाने ते आधीच सांगितलं होतं, म्हणूनच भाव उतरला. ट्रेलरवर गाडी ढकलावी लागणार म्हणून मी बाह्या सरसावून उभा होतो, पण ती उरलेल्या एका पट्ट्यावर स्वतःच चढली. नेहमीच्या गाडीत एका बाजूचा ॲक्सल शाफ्ट तुटला तर डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देत ताकद वाटणारा गिअरचा डबा, सगळी फिरकी त्या मोकळ्या बाजूला सोडतं आणि गाडी जागची हलत नाही. इथे डिफरन्शियलच नाही. डाव्या चाकाला डावा पट्टा, उजव्याला उजवा. एक गेला तरी दुसरा घरी पोहोचवतो. डाफचे संस्थापक हूब फान डोर्ने यांनी १९५८ साली हे लोकांसमोर ठेवलं, आणि आज ते माझ्या डोळ्यांसमोर फळीवर चढलं.

इथे राहणाऱ्यांपैकी कुणी असं काही घेणार असेल तर एवढं लक्षात ठेवा: ४० वर्षांवरच्या गाडीला नेदरलँड्समध्ये रोड टॅक्स नाही आणि ५० वर्षांवरच्या गाडीला तपासणीची सक्ती नाही. म्हणजे ब्रेक, टायर, स्टीअरिंग यांची जबाबदारी पूर्ण आपल्यावर. ब्रेकचं काम मी स्वतः करणार नाही, गॅरेजला देणार.

१० मार्च

दिवसभर गाडीखाली. काय कुठे आहे ते आधी नीट पाहून घेतलं, कारण मॅन्युअल डच भाषेत आहे आणि माझं डच भाजीबाजारापुरतं.

इंजिन पुढे. फ्लायव्हीलवरच सेंट्रिफ्यूगल क्लच, म्हणजे रेस वाढली की शू बाहेर फेकले जाऊन पकडतात. क्लचचं पेडल नाही. तिथून लांब शाफ्ट मागे येतो. मागे एका डब्यात बेव्हल गिअर, म्हणजे फिरकी काटकोनात वळवणारे, पुढे-मागे जाण्याची निवड तिथेच. त्या डब्यातून डावी-उजवीकडे आडवा शाफ्ट आणि दोन्ही टोकांना एकेक मोठी पुली. तिच्यामागे दुसरी पुली, मध्ये रबरी व्ही-पट्टा. मागच्या पुलीनंतर रिडक्शन गिअर आणि मग चाक.

पुढच्या पुलीच्या दोन तबकड्या जवळ आल्या की पट्टा वर सरकतो, मोठ्या वर्तुळावर धावतो. मागच्या पुलीत तेवढाच खाली उतरतो. गिअर बदलला, पण पायरीपायरीने नाही, घसरगुंडीसारखा. तबकड्या जवळ आणण्याचं काम पुढच्या पुलीला जोडलेल्या ड्रममधली वजनं करतात. इंजिन जोरात फिरलं की वजनं कडेकडे फेकली जातात.

बाबांच्या किनेटिक होंडात हेच होतं. १९८४ ला ती बाजारात आली आणि आमच्या गल्लीत पहिली आमचीच. गिअर नाही, क्लच नाही, बटण दाबलं की सुरू. तिच्यात वजनांच्या जागी रोलर असतात, पट्टा एकच, बाकी विचार तोच. लहानपणी मी तो पट्टा बाबांच्या हातात दिलाय. म्हणून ही गाडी मला परकी वाटत नाही.

उजवा पट्टा अजून धड आहे, पण आतल्या बाजूने दातांच्या मुळाशी बारीक तडे.

१६ मार्च

पट्टे जोडीने मिळतात, १८० युरो. एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडे न वापरलेला सुटा पट्टा ६५ युरोला मिळाला. उजवा अजून चालतोय, तडे वरवरचे आहेत, असं मनाशी ठरवून सुटाच मागवला.

या नोंदींतली सगळ्यात महाग ओळ हीच आहे.

२४ मार्च

पट्टा बसवला. पाच तास लागले, त्यातले दोन गंजलेल्या ताणबोल्टांवर गेले. आदल्या रात्री तेल सोडून ठेवलं असतं तर वेळ वाचला असता. पट्टा पुलीवर स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून चढवू नका, कड फाटते. पुढच्या पुलीच्या तबकड्या पूर्ण उघडायच्या, पट्टा तळाशी बसवायचा आणि मागची पुली हाताने फिरवत फिरवत चढवायचा.

३० मार्च

पहिली चक्कर, गोदामापासून कालव्यापर्यंत आणि परत, सहा किलोमीटर.

सुटताना गाडी उजवीकडे ओढते. हलकं नाही, स्टीअरिंग घट्ट धरावं लागतं. वेग ३० च्या वर गेला की ओढ कमी होते, जवळजवळ नाहीशी. परत आलो तेव्हा मागून जळक्या रबराचा वास. खाली वाकून पाहिलं तर उजव्या पुलीभोवती काजळीसारखी काळी भुकटी, बोटाला लागली की पुसून जाईना.

टायरची हवा पाहिली, ब्रेक अडकलाय का पाहिलं, चाक हाताने फिरवलं. सगळं ठीक. शेवटी व्हर्नियर घेऊन दोन्ही पट्ट्यांची रुंदी मोजली. उजवा जुना पट्टा नव्यापेक्षा अडीच मिलिमीटर अरुंद.

अडीच मिलिमीटर म्हणजे काय, हे समजायला मला रात्र लागली. पुलीची खाच पाचरीसारखी आहे. पट्टा अरुंद झाला की तो खाचेत खोल बसतो, इथे चार-पाच मिलिमीटर तरी. म्हणजे उजवीकडे पुढच्या पुलीचं वर्तुळ लहान, गिअर खालचा. डावं चाक पुढे जाऊ पाहतं, उजवं मागे राहतं, गाडी उजवीकडे वळते. पण रस्ता सरळ, दोन्ही चाकांना सारखंच फिरायला लावणारा. मग कुणीतरी घसरायलाच हवं, आणि घसरतो तो दुबळा, जुना पट्टा. भुकटी त्याचीच.

वेगात ओढ का कमी होते, तेही मग उमगलं. सुटताना डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंच्या पुढच्या पुल्या पूर्ण उघडलेल्या, आपापल्या टोकाला टेकलेल्या असतात. तिथे त्यांना हलायला जागा नसते. गाडी चालू लागली की तबकड्या मध्ये तरंगतात, वजनं आणि स्प्रिंग यांच्या ओढाताणीत दोन्ही बाजू आपापला गिअर जुळवून घेतात. वळणावर डिफरन्शियलचं काम हेच तरंगणं करतं. म्हणजे सुटतानाच्या त्या पहिल्या काही मीटरांत दोन्ही पट्टे जुळे असावेच लागतात.

जोडीने का विकतात, ते आता कळलं. ६५ युरो आणि दोन आठवडे गेले.

१ एप्रिल

जोडी मागवली. १८० युरो.

९ एप्रिल, पाडवा

सकाळी गुढी उभारली, बाल्कनीत, काठी म्हणून पडद्याचा दांडा. मग पुण्याला फोन. बाबांना सगळी हकिगत सांगितली. ते शांतपणे ऐकत होते.

"जोडी येईल तेव्हा येईल. पुलीचे गाल साफ केलेस का?"

"फडक्याने पुसलेत, बाबा."

"फडक्याने नाही रे. गालावर गंजाचे खड्डे असतील तर नवीन पट्टासुद्धा महिन्याभरात खाईल ती. आपल्या किनेटिकचा दुसरा पट्टा कशाने गेला होता, आठव."

आठवलं. गाडी पावसाळाभर अंगणात उभी होती आणि नंतर नवा पट्टा टाकूनही धक्के देत चालायची.

दुपारी गोदामात गेलो. पुलीच्या गालांवर खरोखरच गंजाचे खवले होते, पट्टा जिथे अनेक वर्षं एकाच जागी टेकून होता तिथे तर पट्ट्याच्या रुंदीचा काळा शिक्काच उठलेला. माझ्याकडे ८० नंबरचा एमरी पेपर होता, तोच घेऊन घासायला बसलो.

१३ एप्रिल

८० नंबर चुकीचा होता. गंज गेला, पण गालांवर ओरखड्यांचं जाळं उठलं, नखाला लागतं. असं ठेवलं तर ती कानसच. मग २४०, ४००, ६०० असं क्रमाने, पुली हाताने फिरवत, नेहमी फिरण्याच्या दिशेनेच. चार गाल एका बाजूला, चार दुसऱ्या. दोन दिवस. सुरुवातच ४०० ने केली असती तर अर्ध्या दिवसात झालं असतं, कारण खरे खोल खड्डे दोनच होते.

शेवटी स्पिरिटने पुसलं. गंज सैल करायचा फवारा इथे मारू नका. त्याचा तेलकट थर राहतो आणि पट्टा घसरतो.

२० एप्रिल

नवी जोडी बसवली. दोन्ही पट्टे मोजले, रुंदीत फरक सापडला नाही.

आता ताण. दोन पुल्यांमधलं अंतर ताणबोल्टने वाढवायचं आणि तबकड्यांमधली फट मोजायची. आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, मॅन्युअलमधला तुमच्या गाडीचा असेल तोच घ्या. मी बोल्ट आवळले, फट मोजली, बरोबर आली, खूश होऊन चहा केला. मग सहज चाक हाताने दहा-बारा फेऱ्या फिरवलं आणि पुन्हा मोजलं तर फट बदललेली. पट्टा आधी खाचेत नीट बसलेलाच नव्हता. चार वेळा आवळणं, फिरवणं, मोजणं, तेव्हा आकडा स्थिर झाला. अजून डावी फट उजवीपेक्षा ०.४ मिलिमीटर जास्त आहे. २०० किलोमीटर झाल्यावर पट्टे ताणतात, तेव्हा पुन्हा बघायचं असं पुस्तकात आहे. तेव्हा हाही फरक काढीन.

चक्कर मारली. गाडी सरळ सुटली. वास नाही.

२७ एप्रिल

राजाचा दिवस. आज इथे कुणीही रस्त्यावर चादर पसरून घरातलं जुनं सामान विकू शकतं. एका चादरीवर खेळणी आणि कपबशांमध्ये पितळी चौकटीचा व्हॅक्यूम गेज दिसला. चार युरो.

गोदामाचा मालक शेतकरी आज निवांत होता, गाडी बघायला आला. त्याच्या आईकडे डॅफोडिल होती, म्हणजे १९६१ नंतरचं ७४६ सीसीचं डाफ. गिअरच्या छोट्या दांड्यावर हात ठेवून म्हणाला, "पिंटेर पोक्ये." हुशार दांडका, असा साधारण अर्थ. कंपनीच्या जाहिरातीतला शब्द होता. पुढे ढकलला की पुढे, मागे ओढला की मागे, बाकी काही शिकायचं नाही. त्याची आई चाळिशी उलटल्यावर गाडी शिकली, ती या दांड्यामुळे, असं तो म्हणाला आणि दांडा दोनदा पुढे-मागे करून पाहिला.

४ मे

नवीन त्रास. ५० ला चालवताना इंजिन किंचाळतं. पाय अलगद ठेवला तर रेस जास्त, पाय दाबला तर रेस उतरते. म्हणजे सगळं उलट.

या यंत्रात वजनांच्या जोडीला आणखी एक हात आहे. इंजिनच्या मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरकडे हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळीतला, व्हॅक्यूम नळीने ड्रमपर्यंत आणलाय. ड्रममध्ये लवचीक पडदा, म्हणजे डायफ्रॅम. हलक्या पायाने चालवताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जोरदार असतो, तो पडदा ओढून तबकड्या आणखी जवळ आणतो, म्हणजे वरचा गिअर, शांत इंजिन, कमी पेट्रोल. पाय पूर्ण दाबला की व्हॅक्यूम पडतो आणि गाडी खालचा गिअर धरून ओढते. पडद्याच्या दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम दिला की उलट, खालचा गिअर मुद्दाम धरून ठेवता येतो. उतारावर इंजिनचा ब्रेक मिळावा म्हणून ही सोय. फान डोर्ने यांनी संगणक नसलेल्या काळात गाडीला चालकाच्या पायाचा अर्थ असा समजावून दिला. मला वाटतं पट्ट्यापेक्षा मोठा शोध हाच आहे. पट्ट्यांची यंत्रं आधीही होती. पट्ट्याने कधी काय करायचं हे रबरी नळीच्या एका ओढीवर सोपवणं, हे त्यांनी केलं.

गेज लावला आणि दहा मिनिटांत उलगडा झाला. नळ्या जुन्या, तडकलेल्या म्हणून मी १३ एप्रिलला सगळ्या बदलल्या होत्या. व्हॉल्व्हवर दोन नळ्यांची अदलाबदल झाली होती. उतारावरची सोय मी सपाटीवर चालू ठेवली होती आणि सपाटीवरची बंद.

फोटो न काढता नळी काढू नका. मी काढला होता एक, पण वरून. त्यात दोन्ही नळ्या एकमेकींमागे लपलेल्या. रंगीत टेप बांधा, दोन टोकांना एकच रंग.

११ आणि १२ मे

नळ्या सरळ केल्या, किंचाळी गेली, पण गाडी ६० च्या पुढे पुन्हा थोडी उजवीकडे झुकते आणि उभी असताना इंजिन लंगडतं. लंगडणं म्हणजे कुठून तरी हवा शिरतेय.

हातपंप घेतला, ३५ युरो. एकेका ड्रमला व्हॅक्यूम देऊन पाहिलं. डाव्याचा काटा जागच्या जागी. उजव्याचा चहा ढवळून होईपर्यंत शून्यावर. पडदा फाटलाय.

ड्रम उतरवला. पडद्याला घडीच्या जागी नखाएवढी चीर. नवीन पडदा ४८ युरो. ड्रमचा एक बोल्ट अॅल्युमिनियममध्ये तुटला, तो काढण्यात शनिवारची संध्याकाळ गेली. गरम करून, थंड होऊ देऊन, पुन्हा गरम करून निघाला. घाई केली असती तर आटेच गेले असते.

रविवारी जोडून चक्कर मारली तर पाठीखाली घरघर, ७० ला पूर्ण सीट थरथरते. ड्रम उघडण्याआधी दोन भागांवर खूण करायची राहिली होती. हा भाग मिनिटाला हजारो फेऱ्या घेतो, कारखान्यात तोलून जोडलेला असतो, आणि मी तो फिरवून दुसऱ्याच भोकांवर बसवला होता. पुन्हा उतरवला. आतल्या कडेला कारखान्याची बारीक ठिपक्याची खूण सापडली, ती ग्रीसखाली होती. ठिपक्यासमोर ठिपका आणला, थरथर गेली. चार तासांचं काम दोनदा केलं.

२५ मे

डाफ म्युझियमला गेलो, खास नळ्या बघायला. तिथे कापून उघडी केलेली व्हेरिओमॅटिक आहे, माझी जोडणी तिच्याशी पडताळली. बरोबर आहे.

मग दिवसभर तिथेच राहिलो. हे म्युझियम जिथे उभं आहे, तिथेच १९२८ साली फान डोर्ने यांनी एका बिअरच्या कारखान्याच्या आवारात वर्कशॉप थाटलं. लोहाराचा मुलगा. पुढे भाऊ विम सोबत आला, ट्रेलर करू लागले, १९३२ पासून नाव डाफ. या माणसाचं डोकं सतत एकाच गोष्टीभोवती फिरत होतं: इंजिनची ताकद चाकापर्यंत कशी न्यायची. १९३० च्या दशकात साध्या ट्रकला मागे चार चाकी बोगी जोडून तो चिखलात चालवणारी त्राडो रचना त्यांनी एका लष्करी अधिकाऱ्याच्या साथीने केली. युद्धानंतर लष्करासाठी सहाचाकी वायए-३२८ आला. त्यात प्रत्येक ॲक्सलवर डिफरन्शियल नाही. मध्ये एकच डिफरन्शियल, तिथून ताकद डावी-उजवीकडे जाते आणि मग गाडीच्या कडेकडेने शाफ्टमधून पुढच्या-मागच्या चाकांना पोहोचते. वरून पाहिलं तर इंग्रजी एच अक्षर. एका बाजूची सगळी चाकं एकत्र बांधलेली, त्यामुळे एक चाक अधांतरी असलं तरी त्याच बाजूचं दुसरं ओढतं.

त्या ट्रकच्या खाली वाकून बघताना माझ्या गाडीचा एक पट्टा आठवला, जो मला ट्रेलरवर चढवून गेला होता. ट्रकमध्ये गिअर आहेत, माझ्याकडे रबर, पण डावी बाजू वेगळी आणि उजवी बाजू वेगळी बांधायची, हा हट्ट दोन्हीकडे तोच.

१९५८ च्या फेब्रुवारीत ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात डाफ ६०० मांडली, ५९० सीसीची. तिथून ४४, ५५, ६६. १९६८ च्या लंडन-सिडनी मॅरेथॉनमध्ये डाफ ५५ उतरल्या होत्या, आणि त्या रॅलीच्या गाड्या रस्त्याने मुंबईपर्यंत येऊन तिथून बोटीने फ्रीमँटलला गेल्या. म्हणजे हे पट्टे तुर्कस्तान, इराण, खैबर ओलांडून मुंबईच्या रस्त्यावर फिरलेत. बाबांना फोटो पाठवला. ते म्हणाले, तेव्हा कळलं असतं तर बघायला गेलो असतो.

रबराची मर्यादा फान डोर्ने यांना स्वतःलाच सगळ्यात आधी दिसली असणार. १९७२ साली त्यांनी वेगळी कंपनी काढली, पुढे ती टिलबर्गला होती, आणि तिथे पोलादाचा पट्टा घडला: शेकडो पातळ पोलादी तुकडे, पातळ कड्यांत ओवलेले. रबरी पट्टा ओढतो, हा ढकलतो. तुकडे एकमेकांना रेटत पुढे जातात. १९७९ ला फान डोर्ने गेले, १९८७ ला सुबारू जस्टीत तो पट्टा आला. आज पुण्यात ट्रॅफिकमध्ये उभ्या असलेल्या बऱ्याच सीव्हीटी, म्हणजे पायऱ्यांशिवाय गिअर बदलणाऱ्या, गाड्यांच्या पोटात याच जातीचा पट्टा आहे.

८ जून

सकाळी थंड इंजिन, चोक ओढलेला. दांडा पुढे टाकला आणि गाडीने उडी मारली. समोरचं टेबल भिंतीला जाऊन आपटलं, टूलबॉक्स खाली, बंपरला पोचा. समोर कुणी उभं नव्हतं, हे नशीब.

कारण साधं. चोकने रेस वाढते, रेस वाढली की सेंट्रिफ्यूगल क्लच पकडतो, त्याला चालकाचं मन कळत नाही. या गाडीत चोक असताना पाय ब्रेकवर असल्याशिवाय दांड्याला हात लावायचा नाही. त्याशिवाय माझी आयडल रेस मुळातच जास्त लावलेली होती, पडदा फाटलेला असताना लंगडू नये म्हणून मीच वाढवली होती. पडदा बदलल्यावर ती उतरवायची विसरलो. एक बिघाड झाकायला केलेली जुळवाजुळव बिघाड काढल्यावर मूळ पदावर आणा. मी आता गोदामाच्या भिंतीवर कागद चिकटवलाय, जे जे तात्पुरतं केलं ते तिथे लिहितो.

१५ जून

ब्रेक गॅरेजकडून करून आणले. शू, व्हील सिलिंडर, होज, १४० युरो सामान. मजुरी वेगळी.

२२ जून

डाव्या पट्ट्याच्या आतल्या कडेला तेलाची चमक. रिडक्शन गिअरच्या डब्याचं ऑइल सील झिरपतंय, पुली फिरताना थेंब उडवते. सील दोन्ही बाजूंचे बदलले, २२ युरो. जुनं सील काढताना शाफ्टला ओरखडा पडू नये म्हणून लाकडी पाचर वापरली. पट्टा साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, रात्रभर सुकवून लावला. पेट्रोलने धुऊ नका, रबर फुगतं.

१३ जुलै

लांबची पहिली फेरी. हेलमंड, डर्ने मार्गे लिंबुर्ग प्रांतातल्या अमेरिका गावापर्यंत. हो, गावाचं नाव अमेरिका. फान डोर्ने १ जानेवारी १९०० ला इथे जन्मले. जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर.

वाटेत तीनदा थांबून पुलीवर हाताची पाठ धरली. कोमट, दोन्ही बाजू सारख्या. सपाटीवर ८० ला पाय हलका केला की इंजिनचा आवाज खाली उतरतो आणि वेग तसाच राहतो. तो क्षण पुन्हा पुन्हा अनुभवावा म्हणून मी उगाच पाय हलका करत होतो. गावात चर्चसमोर गाडी लावली, बाकावर डबा उघडला, थालीपीठ खाल्लं. एक बाई सायकल थांबवून गाडीकडे बघत राहिली आणि काही न बोलता हसून गेली.

परतताना डर्नेजवळ पावसात सापडलो. मागचे पट्टे उघडे आहेत, पाणी लागलं की सुटताना क्षणभर घसरतात. एका चौकात तसं झालं. सावकाश सुटलं की पुरतं.

२० जुलै

खर्च, गाडी, भाडं आणि ब्रेकची मजुरी सोडून: सुटा पट्टा ६५, जोडी १८०, नळ्या ३०, गेज ४, हातपंप ३५, पडदा ४८, सील २२, ब्रेकचं सामान १४०, एमरी आणि स्पिरिट २०. एकूण ५४४ युरो. त्यातले ६५ वाया. वेळ अंदाजे १३० तास, त्यातले चाळीसेक माझ्या चुका निस्तरण्यात.

सुटा पट्टा फेकलेला नाही. डिकीत ठेवलाय. कुठे तुटलाच, तर एका पट्ट्यावर घरी येता येतं, पण दोन पट्टे असले तर पाऊस असो की चढ, काळजी नाही. घरी आलो की तो काढून नवी जोडी.

२७ जुलै

२०० किलोमीटर झाले. जॅकवर चढवली, चाकं फिरवली, फट मोजली. पट्टे ताणले होते, दोन्ही बाजू सैल. आवळलं, बारा फेऱ्या, मोजलं. पुन्हा आवळलं, बारा फेऱ्या, मोजलं. तिसऱ्या वेळी फीलर गेजचं तेच पातं डावीकडे अडखळत गेलं आणि उजवीकडेही तितकंच अडखळत गेलं. ०.४ चा फरक गेला. खाली उतरवून शेताच्या कडेच्या सरळ रस्त्यावर नेली, दोन्ही हात स्टीअरिंगवरून किंचित वर धरले आणि पाय दाबला. गाडी सरळ गेली.

दुसरी मोजणी १,००० किलोमीटरला. उजव्या सीलखाली एक थेंब दिसतोय, खाली पुठ्ठा ठेवलाय.